विसराची नदी, भाग चौथा

माझं काम चित्रं काढायचं नाही.
ती साबेला काढते, जलरंगात,
आणि दोरीला चिमटे लावून वाळत घालते.
मी त्यांच्यावर चौकोन आखतो, न दिसणारे.
चौकोनात बाण शिरला की बाणाचा हात होतो:
उचल, उघड, विचार.
चौकोनाबाहेरचं सगळं जग
नुसतं रंगवलेलं.

औरेन्सेत, चपलांच्या दुकानावरच्या मजल्यावर,
आम्ही माणसं पाच आणि हीटर एक.
पहिल्या भागात झऱ्याकाठी सोन्याच्या फणीने
केस विंचरणारी मोउरा होती. बरा चालला.
दुसऱ्यात लांडगा झालेला फेरीवाला.
तिसऱ्याबद्दल न बोललेलंच बरं.
चौथ्यात लिमिया नदी.

रोमन फौज काठाशी येऊन थबकते.
ही नदी ओलांडली, म्हणतात, की
घर जातं, आईचं नाव जातं.
सेनापती एकटाच पाण्यात उतरतो
आणि पलीकडून एकेका शिपायाला
नाव घेऊन हाक मारतो.
तेवढंच कोडं. खेळणाऱ्याने आधी
तळावर हिंडून नावं गोळा करायची,
कोण घोड्यांना खरारा करतो, कुणाची दाढ दुखते.
नाव चुकलं तर शिपाई जागचा हलत नाही.

पैलतीरी एखादं गाव हवं होतं.
साबेलाने रेबोर्दाल काढलं, तिचं आजोळ,
ती जन्मायच्या आदल्या वर्षी धरणात गेलेलं.
फोटो तीन, बाकी ऐकीव.

चाचणीच्या दिवशी ती आजीच्या बहिणीला घेऊन आली,
उबाल्दिना, वय एक्क्याऐंशी,
काळा कोट, पिशवीत भाजलेले चेस्टनट.
माउस तिने साबणाच्या वडीसारखा धरला.
फौजेकडे ढुंकूनही पाहिलं नाही.
बाण थेट पैलतीरी,
दगडी पायांवरच्या कणगीला वळसा घालून
निळ्या दाराशी.
क्लिक.
पुन्हा क्लिक.
बाण बाणच राहिला.

"आजी, ते मागचं चित्र आहे. तिथे काही नाही,"
मी म्हणालो, आणि म्हणता म्हणता मला ऐकू आलं
मी काय म्हणतोय ते.

"ते मला ठाऊक आहे, पोरा.
पाणी पायरीला लागलं तेव्हा मी तिथे होते.
उघडू नकोस. कुणाचं आहे
तेवढं सांगू दे त्याला."

त्या रात्री एक चौकोन आखला, अडतीस बाय चौसष्ट.
आवाज तिचाच घेतला, कपाटात कोटांच्या मध्ये बसवून:
"हे देल्मिरोचं दार. खालची कडी वाकडी आहे."
देल्मिरो कोण, ते तिने सांगितलं नाही.

बातमी कशी फुटली कोण जाणे.
रविवारी तिघं आली, पुढच्या रविवारी अकरा.
एकाला दार नको होतं, अंजिराचं झाड हवं होतं.
दोघा भावांचं गोठ्यावरून वाजलं,
तिथे अजून दोन चौकोन आहेत, एकावर एक:
पहिल्या क्लिकला धाकट्याचं नाव, दुसऱ्याला थोरल्याचं.
एक बाई काहीच बोलली नाही.
रिकाम्या कुरणावर बोट टेकवून उभी राहिली,
काच धुरकट होईपर्यंत.
तिथेही आखला. तो काही सांगत नाही.
फक्त बाणाचा हात होतो.

खेळ बाजारात गेला आणि तक्रारी आल्या.
लोक त्या दारांना किल्ली लावून बघतात,
तेलाचा दिवा, पाव, शिरस्त्राण,
झोळीत असेल नसेल ते सगळं.
ग्दान्स्कहून एका मुलाने लिहिलंय:
चार तास झाले, निळं दार उघडत नाही.
वाकड्या कडीचा उपयोग काय?

आमच्या धंद्यात निरुपयोगी वस्तूला जागा नसते.
मालक म्हणतात, पुढच्या दुरुस्तीत काढून टाक.
मी हो म्हणालोय.
फाइल उघडतो, पैलतीरावरून बाण फिरवतो,
हात, हात, हात,
आणि फाइल मिटतो.

मुलाला मात्र उत्तर पाठवलंय:
कडी आधी थोडी वर उचलायची,
मग खांद्याने ढकलायचं.
पावसाळ्यात लाकूड फुगतं,
असं उबाल्दिना म्हणते.